एक रुपयात तीन लाइफ

पांढरकवड्यात कापसाचा हंगाम भरात आला का नाही, हे मला बाजार समितीच्या आवारात न जाता कळायचं. माझ्या गल्ल्यावरून कळायचं. दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागली, बापाच्या हातात चुकारा पडला, की दोन-चार दिवसांत पोट्ट्यांच्या मुठीत रुपयाची नाणी खुळखुळायला लागायची. ही चलती होळीपर्यंत. उन्हाळ्यात नागपूर-अमरावतीहून मामाच्या घरी आलेली भाचरं धंदा तारून न्यायची. मिरगाचं पाणी पडलं की गल्ला कोरडा. जून-जुलैत आमच्या केळापूर तालुक्यात बियाण्या-खताशिवाय कशालाही सुटा पैसा निघत नाही, तिथं व्हिडिओ गेमला कोण देणार?

१९९४ साली बस स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका गाळ्यात मी हा धंदा मांडला. बी.कॉम. झालो होतो, नोकरी लागत नव्हती, घरी कोरडवाहू पऱ्हाटी होती आणि तिच्यात दोन भावांचं भागत नव्हतं. २००६ मध्ये पार्लर बंद केलं. त्याच गाळ्यात आज माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गेममुळं पोरांच्या मेंदूचं काय होतं यावर हल्ली शाळाशाळांत व्याख्यानं होतात. व्याख्याते पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र लावतात आणि लाल ठिपका दाखवून पालकांना घाबरवतात. मी डॉक्टर नाही. पण खेळणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणं हेच माझं काम होतं, आणि मशीनच्या व मोबाइलच्या, अशा या धंद्याच्या दोन्ही काळांत मी काउंटरमागं बसलेलो आहे.

मशीननं पोरं बिघडवली, असं तेव्हा गावातले जाणते म्हणायचे. पण खेळाचं वेड या भागात मशीनच्या डब्यातून आलेलं नाही. पोळ्याला बैल मिरवून आणले, पुरणपोळी झाली, की रात्री पत्ते बसायचे. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या रात्री बसायचा आणि घरातले वडीलधारे आडवे येत नसत. झरी, वणी, मारेगावकडच्या जंगलपट्ट्यात कापसाचा पैसा हातात आला की कोंबडबाजार भरायचा, अजूनही भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, म्हणजे बोटाएवढं धारदार पातं, दोऱ्यानं घट्ट गुंडाळलेलं. मालक कोंबडे हातात धरून समोरासमोर आणतात, एकमेकांना चोची मारू देतात, मानेवरची पिसं फुलली की सोडून देतात. निकाल लागायला कधी मिनिटही लागत नाही. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि जुगाराला महाराष्ट्रात १८८७ चा कायदा लागू आहे, तरी बाजारातली गर्दी काही हटत नाही.

मटका तर कापसाचाच सोयरा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला ते आकडे तारेनं मुंबईला यायचे, आणि त्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. १९६१ च्या सुमारास ते बंद पडलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आमच्याकडं पानटपरीच्या मागं पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून घेणारा माणूस बसलेला असायचा. त्याच्यासमोर उभा असलेला शेतकरी ज्या पिकाच्या पैशानं आकडा लावत होता, त्याच पिकाच्या भावातून तो आकडा जन्मला होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसायचा.

या सगळ्यांत एक धागा आहे, तो पुढं कधीतरी वाचनात आला. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर माकडांवर प्रयोग केले. पडद्यावर खूण दिसली की थोड्या वेळानं माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळे, कधी मिळत नसे. डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी केव्हा किती चेततात हे त्यांनी मोजलं. रस नक्की मिळणार असेल तर रस मिळताना या पेशी गप्प. अवचित मिळाला तर जोरात चेतायच्या. आणि २००३ मध्ये त्यांनी दाखवलं ते आम्हा धंदेवाल्यांच्या कामाचं: रस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असेल तेव्हा वाट बघण्याच्या वेळातही त्या पेशींची धडधड वाढत जाते, आणि ती सगळ्यात जास्त तेव्हाच वाढते. कोंबडबाजारात लंगड्या कोंबड्यावर कोणी पैसा लावत नाही. जोड तोडीस तोड असेल तरच गर्दी गोल करून पुढं सरकते. माकडांवर प्रयोग व्हायच्या आधीपासून बाजार भरवणाऱ्यांना हे माहीत होतं.

माझी पहिली दोन मशीनं नागपूरहून आली, जुनी. तेव्हाच्या ७ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर, आताचा ४४, नागपूरहून आदिलाबादकडं जाणाऱ्या एका ट्रकात जागा मिळाली आणि दोन लाकडी डबे सरकीच्या पोत्यांवर आडवे टाकून आणले. डब्यात टीव्हीचा पडदा, खाली बोर्ड, समोर हँडल आणि बटनं. एकात 'स्ट्रीट फायटर' आणि दुसऱ्यात पुढं मुस्तफा बसवला. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. चार पात्रांतून एक निवडायचं असे. त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा धावत येऊन अशी लाथ मारायचा की खेळाचं नाव देशभर मुस्तफाच पडलं. कॅडिलॅक गाडीशी पांढरकवड्याच्या पोरांना काय देणंघेणं? मुस्तफा मात्र शेजारच्या मोहल्ल्यातला वाटायचा.

फटीत रुपया टाकला की तो घसरत येऊन एका बारीक तारेवर आपटायचा, तार दबली की बोर्डाला एक खेळ कळायचा. पोरं काही भोळी नव्हती. भोक पाडलेल्या नाण्याला दोरा बांधून ते आत सोडायचं, तार दाबायची आणि नाणं वर ओढून घ्यायचं. सायकलची ताडी वाकवून आत घालायची. सायकलवाल्याकडची चकती रुपया म्हणून खपवायची. रात्री गल्ला मोजताना अशा चकत्या वेगळ्या डब्यात टाकत जायचो.

खरा धंदा मात्र डब्याच्या मागच्या बाजूला होता. मागचं फळकूट काढलं की जुन्या बोर्डांच्या कडेला बारीक पांढऱ्या खटक्यांची रांग दिसायची. एका खटक्यानं एका नाण्यात किती लाइफ द्यायच्या ते ठरे, दुसऱ्यानं खेळ किती अवघड ते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खटका वर केला की दुश्मन जरा चपळ होई, खाली केला की सुस्त. बाहेर खेळणाऱ्याला काही कळायचं नाही, 'आज हात चालत नाही' एवढंच त्याला वाटायचं. फार अवघड ठेवलं तर नवं पोट्टं दोन दिवसांत यायचं बंद होई. फार सोपं ठेवलं तर एखादा पट्टीचा खेळाडू एका रुपयात मशीन तासभर अडवून बसे आणि मागं उभ्या असलेल्यांचे रुपये त्यांच्याच खिशात राहत. पोरगा तीन-चार मिनिटांत हरला पाहिजे, पण 'थोडक्यात हुकलं बे' असं म्हणत हरला पाहिजे. लाइफ संपल्या की पडद्यावर नऊपासून उलटे आकडे सुरू व्हायचे. शून्याच्या आत नाणं टाकलं तर खेळ तिथूनच पुढं, नाहीतर पहिल्यापासून. त्या दहा सेकंदांत पोरांची जी तारांबळ उडायची ती मी रोज पाहायचो: एक हात हँडलवर तसाच, दुसरा खिशात, नजर मित्रांवर. 'दे ना बे एक रुपया, उद्या देतो.' ज्यानं हे उलटे आकडे पहिल्यांदा मशीनमध्ये घातले, त्याला माणसाचा मेंदू आतून ठाऊक होता. हातात आलेलं सुटून चाललंय या भीतीपुढं रुपयाचा हिशोब टिकत नाही.

सरकारनं हा धंदा करमणूक म्हणून धरला होता. मशीनमागं करमणूक कर आणि तमाशा-मेळ्यांना लागू असलेल्या १९६० च्या नियमांखाली परवाना. परवान्याच्या फायलीनं मला किती वर्षं यवतमाळच्या वाऱ्या करायला लावल्या आणि कोणत्या टेबलावर ती अडायची, ते सोडून देऊ. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या पार्लरवाल्यांचं प्रकरण, एम. जे. शिवानी यांचं, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. व्हिडिओ गेमवर परवान्याचं बंधन घालायला सरकार मोकळं आहे, असा निकाल लागला. मालक मशीन आतून फिरवू शकतो हा मुद्दाही त्यात आला होता. पेपरात ती बातमी वाचताना मला हसू आलं, कारण स्क्रू ड्रायव्हर समोरच काउंटरवर होता.

आता पोरांचं काय व्हायचं ते. आमच्या पार्लरमध्ये एक खेळायचा आणि आठ-दहा बघायचे. बघायला पैसे नव्हते. जिनिंगमधल्या मजुराचा मुलगा, कापड दुकानदाराचा मुलगा, कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आठवडी बाजाराला आलेला मुलगा, सगळे एकाच पडद्याकडं मान करून. ज्याच्याकडं रुपया नसे तो सल्ला द्यायचा. 'खाली ये, खाली ये, पिंप फोड, त्यात जेवण हाय.' पिंप फोडल्यावर कोंबडीची तंगडी किंवा बर्गर मिळून शक्ती वाढायची; बर्गर कोणी पाहिलेला नव्हता, त्याला पाव म्हणायचे. मारामारीचे खेळ खेळून पोरं मारकी होतील ही मास्तरांची भीती मला माझ्या गाळ्यात खरी झालेली दिसली नाही. भांडणं व्हायची ती पाळीवरून आणि उधारीवरून. पुढं याचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांचं पाहिलं आणि हिंसक खेळ व मुलांची आक्रमकता यांचा संबंध त्यांना आढळला नाही. जर्मनीत दोन महिने लोकांना रोज मारधाडीचा खेळ खेळायला लावूनही त्यांच्या स्वभावात फरक सापडला नाही.

नुकसान व्हायचं ते दुसऱ्याच बाजूनं. खुंटीवरच्या बापाच्या सदऱ्यातून रुपया नाहीसा व्हायचा. शाळेला म्हणून निघालेलं पोट्टं दप्तरासकट माझ्या दारात.

'काऊन बे, शाळा नाही का?'

'अर्धी सुट्टी हाय काका.'

सकाळी दहाला अर्धी सुट्टी! गणवेशातल्या पोराला शाळेच्या वेळात खेळू द्यायचं नाही असा माझा नियम होता, पुण्याईसाठी नव्हे, तर मास्तर आणि पोलीस दोघेही दारात नकोत म्हणून. मग ही पोरं सदरा उलटा करून घालून येऊ लागली. खोटं बोलायची त्यांची बुद्धी मुस्तफापेक्षा वेगानं वाढत होती. डॉक्टर सांगतात की मेंदूतला हौसेचा भाग तेरा-चौदाव्या वर्षी पेटलेला असतो आणि आवरणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. त्या वयाच्या पोरासमोर उलटे आकडे ठेवले तर काय होणार ते उघड आहे.

माझं पार्लर जोरात चाललं होतं त्या १९९८ सालीच लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात आठ पुरुषांना मेंदूच्या तपासणी यंत्रात झोपवून व्हिडिओ गेम खेळायला दिला. रणगाडा चालवायचा, निशाणं गोळा करायची, पातळी जिंकली की पैसे. खेळताना त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढतं हे दिसलं, आणि ज्याचा खेळ चांगला त्याचं जास्त. व्हिडिओ गेमचं नाव घेऊन मेंदूतलं हे रसायन पहिल्यांदा मोजलं गेलं ते इथं. आजचे व्याख्याते ज्या लाल ठिपक्यानं पालकांना घाबरवतात त्याचा उगम असल्या तपासण्यांत आहे. पण आवडीचं जेवण, पैसा, कौतुक यांनीही तो ठिपका लाल होतो. ठिपका लाल होणं हे दुखणं नव्हे. तो कशानं विझतो, आणि विझू दिला जातो का, हे विचारायला हवं.

२००३ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बाव्हेलिये यांनी उलट बाजूही दाखवली. कधी न खेळलेल्यांना दहा दिवस रोज तासभर गोळीबाराचा खेळ खेळायला लावला, दुसऱ्या गटाला टेट्रिस. गोळीबारवाल्यांची नजर सुधारली: पडद्याच्या कडेला क्षणभर चमकून गेलेली वस्तू टिपणं, एकाच वेळी जास्त वस्तूंवर ध्यान ठेवणं. टेट्रिसवाल्यांना तितका फायदा नाही. माझ्याकडं एक पोरगा होता, जिनिंगमधल्या फिटरचा. मुस्तफा खेळताना मागून कोण आत आलं हे मान न वळवता सांगायचा. गणितात मात्र नापासच व्हायचा, कारण खेळ जे करून घेतो तेच सुधारतं. आज तो जेसीबी चालवतो आणि त्याच्या बकेटचं टोक विटेवर टेकवलेलं मी पाहिलं आहे, वीट हलली नाही. याचं श्रेय मशीनला देता येत नाही, पण माझ्या मनातून जातही नाही.

मुली कधी आल्या नाहीत. भाऊ खेळत असेल तर निरोप घेऊन उंबऱ्याशी उभी राहायची एखादी, 'आईनं बोलावलं' म्हणून. खेळाचा मेंदूवर परिणाम चांगला म्हणा की वाईट, पहिली वीस वर्षं आमच्या गावात तो निम्म्याच मेंदूंच्या वाट्याला आला.

घरोघरी टीव्हीला जोडायचे डबे आले ते माझ्या मशीनच्या आसपासच, पण पांढरकवड्यात सावकाश पसरले. निनटेंडोच्या नकला, पिवळी कॅसेट, वर '९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत तेच वीस खेळ. मारिओ चालला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात बाहेरच्या दुकानांत विटा रचायचा हातातला खेळ मिळायला लागला. हा टेट्रिस, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी बनवलेला. काउंटरवर बसल्याबसल्या मीच तो इतका खेळलो की डोळे मिटले तरी विटा खाली उतरताना दिसायच्या. हा प्रकार अमेरिकेत रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये तपासला. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळं आपण कधी खेळलो हेही आठवत नव्हतं, अशांपैकी काहींनाही झोप लागताना त्या विटा दिसत होत्या.

पार्लर कोणी पाडलं असं मला विचारतात. थोडं सायबर कॅफेनं, तिथं 'रोड रॅश' आणि 'व्हाइस सिटी' तासाच्या भावात मिळायचं. थोडं घरच्या डब्यांनी. आणि बरंचसं भारनियमनानं. दिवसाचे कित्येक तास लाइट नसे. मुस्तफा शेवटच्या बॉसपर्यंत पोचायचा, पडदा काळा व्हायचा आणि पोट्टे माझ्याकडं रुपया परत मागायचे. जनरेटरचं डिझेल एक रुपयाच्या खेळाला परवडत नाही. २००६ मध्ये मी बोर्ड काढून विकले आणि मोबाइल दुरुस्तीचा कोर्स केला.

दुसरा काळ सुरू झाला तो नोकियाच्या सापानं, पण खरा सप्टेंबर २०१६ नंतर, जिओचं नेट आल्यावर. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला आणि वर्षभरात तो पोडापर्यंत पोचला. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो. जिंकणाऱ्याला पडद्यावर 'विनर विनर चिकन डिनर' असं लिहून येतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खो-खो हसलो. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी, हा कायदा आमच्या कोंबडबाजारात केव्हाचा आहे.

पण या खेळांचं फळकूट काढून आत बघितलं तर खटके उलटे लावलेले दिसतात. माझा धंदा पोरगा हरून उठण्यावर चालायचा. तो उठला तरच मागचा बसणार आणि गल्ल्यात दुसरा रुपया पडणार. मोबाइलच्या खेळाला मागं कोणी उभं नाही. खेळ फुकट आहे, कमाई आहे ती जाहिराती, कपडे, बंदुकांचे रंग विकून, म्हणजे पोरगा जितका वेळ बसेल तितकी. म्हणून रोज आल्याबद्दल बक्षीस, न आल्यास तुटणारी साखळी, मित्र वाट बघतायत असा निरोप. 'कँडी क्रश'नं तर लाइफच भाड्यानं लावल्या: पाच संपल्या की अर्ध्या तासाला एक परत मिळणार, घाई असेल तर पैसे टाका. माझ्या पार्लरच्या उंबऱ्याशी थांबणाऱ्या त्या बहिणी आता आया झाल्या आहेत, आणि हा खेळ त्यांच्याच फोनमध्ये जास्त सापडतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नवी मुंबईच्या कंपनीचा 'लुडो किंग' घराघरांत चालला, त्यात आजीही बसल्या. माझ्या गाळ्यात खेळ थांबवणारे चार जण होते: संपलेला रुपया, गेलेली लाइट, मागची पाळी आणि दारात उभा राहिलेला बाप. 'बाप आला बे!' अशी हाक उठली की अर्ध्या मिनिटात पार्लर रिकामं व्हायचं. फोनमध्ये या चौघांपैकी एकही नाही, आणि बापाच्या हातात स्वतःचा फोन आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत अधिकृत जागा दिली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आवर राहत नाही, बाकी सगळ्याच्या वर खेळ येतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं, तेव्हा त्याला आजार म्हणायचं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये दारू-गर्दच्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या मुक्तांगणातही आता मोबाइल न सुटणारी मुलं आणली जातात. माझ्या दुकानात एखादी माउली येते, 'भाऊ, पोट्टं जेवत नाही जी, फोन घेतला तं अंगावर धावते' असं सांगते, तेव्हा मी तिला यवतमाळला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं जा म्हणतो. पण प्रत्येक तक्रारीमागं आजार नसतो. बऱ्याचदा मैदानावर गाळे झालेले असतात आणि पोराला दुसरं काही करायलाच ठेवलेलं नसतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी बंद केला, तो चीनच्या कंपनीमुळं, मेंदूच्या काळजीनं नव्हे. दुसऱ्या वर्षी तो नाव बदलून परत आला. मधल्या काळात पोरांनी दुसरा खेळ धरला होता.

मला काळजी वाटते ती पोरांपेक्षा त्यांच्या बापांची. गेल्या काही वर्षांत माझ्याकडं येणाऱ्या फोनमध्ये रमी आणि पैशाच्या टीमा बनवायचे ॲप दिसायला लागले, आणि ते तीस-पस्तीस वर्षांच्या शेतकऱ्यांच्या फोनमध्ये. १८८७ च्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं आहे. कंपन्यांनी ही दोन वाक्यं धरली आणि पोळ्याच्या रात्रीचा डाव वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री मांडला. पीककर्ज खात्यात आलं की ॲपला कळत नसेल, पण हंगामाच्या पैशाची चाहूल मला जशी गल्ल्यावरून लागायची तशी आता रिचार्जवरून लागते. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर सभागृहात रमी दिसत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेलं बंद करत होतो, असं ते म्हणाले. महिनाअखेर त्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. आमच्या दुकानात त्यावर बरेच दिवस करमणूक झाली, करमणूक कर न भरता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्या आठवड्यात दुकानात गर्दी झाली. 'भाऊ, फोन बिघडला, ॲप उघडत नाही.' फोन ठणठणीत होते. एकानं ॲपमध्ये अडकलेल्या पैशाची चौकशी केली, काढता येतील म्हटल्यावर हायसं होऊन बसला, आणि चहा संपवल्यावर विचारलं, 'मग आता काय खेळाचं?' मी त्याला उत्तर दिलं नाही. कोंबडबाजारावर पोलिसांनी धाड टाकली की पेपरात जप्तीची यादी येते: कोंबडे, काती, रोख रक्कम, मोटारसायकली आणि मोबाइल. पळापळीत स्क्रीन फुटलेले काही मोबाइल नंतर माझ्याकडंच दुरुस्तीला येतात.